बॅटरी काढली तरी एअरबॅग झोपत नाही

“टर्मिनल काढलंस ना? मग जा, चहा सांगून ये. चहा पिऊन होईस्तोवर स्टेअरिंगला हात लावायचा नाही.”

नाशिकच्या अंबडमधल्या एका गॅरेजमध्ये मिस्त्री हाताखालच्या पोराला बजावत होते. समोर एक पांढरी हॅचबॅक उभी होती आणि हॉर्न वाजत नाही एवढीच तिची तक्रार. गाडीमालकांना त्र्यंबकला जायचं होतं, त्यामुळे त्यांचा जीव वरखाली होत होता. “अहो मिस्त्री, हॉर्नचंच काम आहे, इंजिन नाही उतरवायचं. चहा मागाहून घेऊ की!” मिस्त्री नुसते हसले. पोरानं मात्र हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि टपरीकडे निघाला.

मी तिथे माझ्याच गाडीचं एक दुखणं घेऊन गेलो होतो, त्याबद्दल पुढे सांगतो. मालकांची घाई चुकीची नव्हती, पण मिस्त्रींचा हट्ट शंभर टक्के बरोबर होता. हॉर्नचं बटण आणि ड्रायव्हरची एअरबॅग एकाच जागी, स्टेअरिंगच्या मधोमध असतात. हॉर्नपाशी पोचायचं तर आधी एअरबॅग बाहेर काढावी लागते. आणि एअरबॅग म्हणजे नुसती हवेची पिशवी नव्हे, तिच्या पोटात अक्षरशः दारू भरलेली असते, फटाक्यात असते तशी.

## हा प्रश्न आता गल्लीतल्या गॅरेजपर्यंत आलाय

पंधरा-वीस वर्षांपूर्वी एअरबॅग ही महागड्या गाडीची मिरवायची गोष्ट होती. १ जुलै २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या कारमध्ये ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ मध्ये शेजारच्या सीटसाठीही. सहा एअरबॅगांची सक्ती करायचा बेत सरकारने आखला, पुढे ढकलला आणि २०२३ मध्ये सोडून दिला. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या भारत एनकॅपच्या क्रॅश टेस्ट सुरू झाल्या, गिऱ्हाइकं “किती स्टार?” असं विचारायला लागली, आणि आता लहान गाड्यांतही सहा-सहा एअरबॅगा येतात.

२०१९-२१ मध्ये घेतलेल्या त्या गाड्या एव्हाना वॉरंटीबाहेर गेल्या आहेत. आपल्याकडे वॉरंटी संपली की माणूस कंपनीच्या वर्कशॉपचा रस्ता सोडतो आणि घराजवळच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे जातो. त्यात गैर काहीच नाही, मीही तेच करतो. पण कामं बघा: हॉर्न, म्युझिक सिस्टिम, एसीची कूलिंग कॉइल (तिच्यासाठी बऱ्याच गाड्यांचा अख्खा डॅशबोर्ड खाली येतो), सीट कव्हर, फ्लोअर लॅमिनेशन, डेंटिंग-पेंटिंग. यातल्या प्रत्येक कामात कुठे ना कुठे एअरबॅगची वायर आडवी येते. ती आडवी आल्यावर काय करायचं हे मिस्त्रीला माहीत हवंच, पण समोर उभ्या असलेल्या मालकालाही माहीत हवं, असं माझं ठाम मत आहे.

## पिशवीच्या मागे काय दडलंय

गाडीच्या मधल्या भागात, गिअरच्या आसपास, खाली जमिनीला घट्ट बोल्ट केलेली एक छोटी पेटी असते. तिला कंट्रोल युनिट म्हणतात. एअरबॅगचा मेंदूच तो. गाडी किती झटक्यात थांबतेय हे तो सतत मोजत असतो. पुढच्या बंपरमागे आणि दारांच्या बाजूला बसवलेले सेन्सर त्याला खबर देतात. धडक खरोखरच मोठी आहे अशी खात्री पटली की तो एअरबॅगकडे करंट सोडतो.

एअरबॅगच्या मागे धातूचा एक डबा असतो. त्यात एक केसासारखी बारीक तार आणि तिच्याभोवती चिमूटभर स्फोटक असतं. या जोडीला आपण ‘वात’ म्हणू. करंट आला की तार तापते, वात पेटते, वातीने डब्यातल्या रसायनाच्या गोळ्या पेटतात आणि त्यातून प्रचंड वेगाने वायू बाहेर पडतो. जुन्या गाड्यांत त्या गोळ्या सोडियम अझाइडच्या असत. ते विषारी, म्हणून आता ग्वानिडीन नायट्रेटसारखी दुसरी रसायनं वापरतात. छताच्या कडेला असलेल्या कर्टन एअरबॅगांमध्ये पुष्कळदा दाबाखाली भरलेल्या वायूची नळीच असते, पण तिचं तोंड उघडायलाही वात लागतेच. सीट बेल्टमध्येही अशीच वात असते. धडकेच्या क्षणी बेल्ट मागे खेचून तुम्हाला सीटला घट्ट धरणारा जो भाग आहे, प्रीटेन्शनर, त्यात. हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं.

आता वेग बघा. ड्रायव्हरची पिशवी पन्नास-साठ लिटरची, म्हणजे घरी येणाऱ्या पाण्याच्या तीन जारांएवढी. ती सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागात फुगते. पापणी लवायला याच्या तिपटी-चौपटीने वेळ लागतो. पिशवी बाहेर येताना तिचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास असतो. बेल्ट लावून, स्टेअरिंगपासून छाती वीतभर नव्हे तर चांगली दहा इंच मागे ठेवून बसलेल्या माणसाला ती वाचवते. पण स्टेअरिंगवर वाकून स्क्रू सोडवणाऱ्या माणसाचं तोंड तिच्यापासून चार इंचांवर असतं. मान, डोळे, मनगट, काहीही जाऊ शकतं.

## “गाडी बंद आहे, बॅटरी काढलीय. मग फुटेल कशी?”

वीज गेली म्हणून घरातला नळ लगेच कोरडा पडतो का? नाही. मोटर बंद असते, पण गच्चीवरच्या टाकीत पाणी असतं. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये अशीच एक विजेची टाकी असते, तिचं नाव कपॅसिटर. गाडी चालू असताना ही टाकी कायम भरलेली राहते, आणि तिच्यातला दाब बॅटरीच्या बारा व्होल्टपेक्षाही जास्त असतो.

ही टाकी मुद्दाम ठेवलेली आहे. बहुतेक गाड्यांत बॅटरी बॉनेटखाली, पुढे असते. कसारा घाटात गाडी ट्रकच्या मागच्या बाजूला आदळली तर सगळ्यात आधी चेपणाऱ्या वस्तूंमध्ये बॅटरी आणि तिच्या वायरी येतात. त्याच क्षणी एअरबॅगला वीज हवी असते. म्हणून अभियंत्यांनी मेंदूलाच स्वतःची शिदोरी बांधून दिली.

रस्त्यावर जी शिदोरी जीव वाचवते, गॅरेजमध्ये तीच जिवावर येऊ शकते. बॅटरी सुटली तरी काही काळ मेंदूत वात पेटवण्याइतकी वीज शिल्लक असते. ती हळूहळू झिरपून संपते. किती वेळात? काही उत्पादकांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दीड मिनिट लिहिलेलं असतं, काहींत तीन मिनिटं, काहींत त्याहून जास्त. तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तो आकडा खरा. मिस्त्रींनी त्याचा चहा करून टाकलाय. चहा सांगायचा, यायचा, प्यायचा, दहा मिनिटं सहज जातात, आणि एवढ्या वेळात टाकी रिकामी होते. घड्याळ बघायला विसरणारं पोरगं चहा प्यायला विसरत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलंय.

याला जोडूनच येणारा प्रश्न म्हणजे, नुसता एअरबॅगचा फ्यूज काढला तर? फ्यूज काढणं म्हणजे टाकीकडे येणारी पाइपलाइन बंद करणं, त्यामुळे आधीचं पाणी टाकीतच राहतं. शिवाय काही गाड्यांत युनिटला एकाहून जास्त फ्यूजमधून वीज मिळते आणि आपण काढला तो नेमका तोच होता का, याची खात्री नसते. फ्यूज काढा हवं तर, पण बॅटरी आणि वाट पाहणं याला तो पर्याय नाही.

## चहा पिऊन झाल्यावर

पोरगं परत आलं. त्याने पुढे जे केलं ते मी शेजारी उभं राहून नीट पाहिलं, कारण इतक्या शिस्तीत हे काम करणारी गॅरेजं मोजकीच आहेत.

सुरुवात त्याने चहाच्या आधीच केली होती. चाकं सरळ, स्टेअरिंग सरळ, किल्ली काढून स्टेअरिंग लॉक. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली. निगेटिव्हच आधी का? गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणग्या उडतात. निगेटिव्ह आधी सुटली की हा धोकाच संपतो. केबलचं टोक त्याने फडक्यात गुंडाळून बाजूला खोचलं, म्हणजे ते सरकून पुन्हा टर्मिनलला टेकणार नाही.

इथे एक चूक हमखास होते. घड्याळ आणि रेडिओची सेटिंग जाऊ नयेत म्हणून काही जण बॅटरी काढताना बाहेरून दुसरी छोटी बॅटरी जोडून ठेवतात. एरवी ही युक्ती चांगली आहे. एअरबॅगच्या कामात मात्र ती सगळ्यावर पाणी फिरवते, कारण टाकी पुन्हा भरत राहते. काही माइल्ड हायब्रिड गाड्यांत दुसरी बॅटरी कंपनीनेच बसवलेली असते, तीही मॅन्युअलमध्ये बघावी लागते. आणि इलेक्ट्रिक किंवा पूर्ण हायब्रिड गाडीत नारिंगी केबल दिसली तर तिला हात लावायचाच नाही. ते हाय व्होल्टेजचं वेगळं प्रकरण आहे.

पोरानं स्टेअरिंगच्या मागच्या बारीक भोकात पातळ स्क्रू ड्रायव्हर घालून दाबला. ‘कट्’ असा आवाज आला आणि मधला भाग एका बाजूने सुटला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. (काही गाड्यांत इथे स्प्रिंग क्लिपांऐवजी मागून बोल्ट असतात.) एअरबॅग दोन बोटं पुढे आली तेव्हा मागे पिवळा कनेक्टर दिसला.

हा पिवळा रंग लक्षात ठेवा. एअरबॅगचे कनेक्टर, आणि बऱ्याचदा वायरीही, जगभरातल्या बहुतेक गाड्यांत पिवळ्या ठेवतात. गाडीत कुठेही पिवळा कनेक्टर दिसला की समजायचं, याच्या दुसऱ्या टोकाला दारू आहे. त्याच्यावर एक जादा चिपटी असते, ती नखाने वर उचलल्याशिवाय तो सुटत नाही. पोरानं ती उचलली, कनेक्टर सरळ बाहेर काढला आणि एअरबॅग दोन्ही हातांत घेतली. पूजेचं ताट छातीशी धरून त्यावर आपण मान झुकवतो, तशी नव्हे. कंपनीचा लोगो बाहेरच्या बाजूला, अंगापासून दूर. मग टेबलावर लोगो छताकडे करून ठेवली आणि तिच्यावर काहीही ठेवू दिलं नाही.

उलटी ठेवली तर? दिवाळीत सुतळी बॉम्बवर पत्र्याचा डबा पालथा घालणारी पोरं आठवा. डबा तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. लोगो खाली करून ठेवलेली एअरबॅग उघडली तर पिशवी टेबलाला रेटा देते आणि मागचा धातूचा डबा तसाच उडतो. लोगो वर असेल तर पिशवी मोकळ्या हवेत फुगते, मोठा आवाज होतो, थोडा धूर येतो, आणि प्रकरण तिथेच संपतं.

## सुट्या एअरबॅगलाही वीज लागू शकते

कनेक्टर काढल्यावर धोका संपला असं वाटतं. पण वात अजून तिथेच आहे आणि तिला फारच थोडी वीज पुरते. त्या तारेचा रोध दोन ओहमच्या आसपास असतो, आणि साधारण सव्वा अँपिअरचा करंट सेकंदाच्या काही हजारांश भाग वाहिला तरी ती पेटते.

आता आपल्या गॅरेजांतल्या टेस्ट लॅम्पचा हिशोब करा. एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला सुई आणि मध्ये बल्ब. बल्ब एकवीस वॅटचा असेल तर बारा व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो. “करंट येतोय का बघू” म्हणून ही सुई पिवळ्या वायरीत टोचणं म्हणजे वातीला काडी लावणं. मल्टिमीटरने एअरबॅगचा रोध मोजणंही नाहीच करायचं. मीटरही मोजण्यासाठी स्वतःचा थोडा करंट सोडतो. एअरबॅगची तपासणी स्कॅनर लावून गाडीच्याच मेंदूला विचारून करतात, थेट तिच्या पिनांना हात घालून नाही.

अंगावरची स्थिर वीजही आहे. निफाडचा पारा खाली उतरतो त्या कोरड्या थंडीत रात्री स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच ही. कनेक्टर बनवणाऱ्यांनी हिचा विचार करून ठेवलाय. पिवळा कनेक्टर सुटला की त्याच्या आतली एक छोटी पट्टी वातीच्या दोन्ही पिनांना एकमेकींशी जोडून टाकते. दोन्ही टोकं एकच झाली की त्यांच्यामधून करंट वाहायला कारण उरत नाही. म्हणून त्या पिनांमध्ये पिन, तार, स्क्रू ड्रायव्हर काही खुपसायचं नाही, ती पट्टी वाकली की हे संरक्षण गेलं. आणि एअरबॅगला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला एकदा हात लावून घ्यायचा.

## माझ्या गाडीचं दुखणं

मी पावसाळ्याआधी एका दुकानात गाडीला फ्लोअर लॅमिनेशन करून घेतलं. हौस म्हणून नाही, चिखलाचे पाय घेऊन घरची मंडळी बसतात म्हणून. लॅमिनेशनला पुढच्या दोन्ही सीट बाहेर काढाव्या लागतात. सीटखाली पिवळा कनेक्टर असतो, साइड एअरबॅगचा आणि बेल्टचा. पोरांनी बॅटरी न काढता तो ओढून सुटा केला आणि काम चालू असताना गाणी लावायला इग्निशन चालू केलं. मेंदूने बघितलं, सीटची एअरबॅग जागेवर नाही. त्याने बिघाड नोंदवला आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लावला.

संध्याकाळी कनेक्टर परत जोडला तरी दिवा गेला नाही, कारण माझ्या गाडीत नोंद स्कॅनरनेच पुसावी लागते. “हा असाच राहतो, काही होत नाही,” असं मला सांगण्यात आलं. मला ते पटलं नाही आणि मी अंबडला आलो. कनेक्टरची ती जादा चिपटी दाबलीच नव्हती, तो अर्धाच बसला होता. मिस्त्रींनी बॅटरी काढून, थांबून, तो नीट बसवला, मग नोंद पुसली.

राग मला गाणी लावल्याचा नाही. एका सुट्या कनेक्टरमुळे बायकोच्या बाजूची एअरबॅग महिनाभर भरवशाची नव्हती आणि ते “काही होत नाही” या तीन शब्दांत मिटवलं गेलं, त्याचा आहे.

सीट कव्हरचंही इथेच सांगून टाकतो. साइड एअरबॅग सीटच्या बाहेरच्या कडेतून शिवण फाडून बाहेर येते. त्या कडेला जाड कव्हर घट्ट शिवलं तर तिची वाट अडते. कव्हर घेताना ‘साइड एअरबॅगसाठी चालणारं’ असंच मागायचं. पुढच्या जाड लोखंडी गार्डवर केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. ते पादचाऱ्यांना घातक असतातच, शिवाय बंपरमागच्या सेन्सरला धडकेचा खरा अंदाज येऊ देत नाहीत.

## डेंटर, वेल्डर आणि पुराचं पाणी

डेंटिंगच्या कामात स्टेअरिंगला हातही लागत नाही, म्हणून तिथे एअरबॅग विसरली जाते. पण छताच्या कडेचा पोचा काढताना हातोडा जिथे पडतो त्याच्या आत कर्टन एअरबॅगची नळी असते, आणि खांबाच्या बुडाशी बेल्टचा प्रीटेन्शनर. बॅटरी जोडलेली असताना, इग्निशन चालू असताना तिथे ठोकाठोक करायची नाही. वेल्डिंग करायचं तर बॅटरी सोडायची, वाट पाहायची, जवळच्या एअरबॅगा काढून ठेवायच्या आणि वेल्डिंगची अर्थ केबल कामाच्या अगदी जवळ लावायची, म्हणजे करंट गाडीभर भटकत नाही. कंट्रोल युनिट काढावं लागलंच तर ते बॅटरी जोडलेली असताना सुटं करायचं नाही. त्याच्यावर बाण असतो. बसवताना तो मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दिशेलाच आणि बोल्ट ठरलेल्या ताकदीने. ढिलं बसलेलं युनिट खड्ड्यालाही धडक समजू शकतं.

२०१९ च्या ऑगस्टमधला गोदावरीचा पूर नाशिककरांना सांगायला नको. पाणी गाडीत शिरतं तेव्हा युनिट सर्वांत आधी भिजण्याच्या जागी असतं. अशी गाडी “चालू होते का बघू” म्हणून किल्ली फिरवायची नाही. बॅटरी सोडायची आणि टोइंगने न्यायची.

घाटात अपघात दिसला आणि तुम्ही मदतीला धावलात तरी हेच. उघडलेल्या एअरबॅगची भीती त्यामानाने कमी, तिच्या पांढऱ्या भुकटीने डोळे-नाक चुरचुरतील. न उघडलेलीला जास्त जपायचं. इग्निशन बंद करा, आणि जखमी माणूस आणि स्टेअरिंग यांच्यामध्ये स्वतःचं डोकं घालू नका.

## “आम्ही वीस वर्षं असंच करतो, काही झालं नाही”

हे मी अनेकदा ऐकलंय आणि मी ते खोटं मानत नाही. कपॅसिटर भरलेला असला तरी मेंदूने हुकूम दिल्याशिवाय एअरबॅग सहसा फुटत नाही, म्हणून शंभरातल्या बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण वीस वर्षांपैकी पहिली दहा-बारा वर्षं हाताखाली आलेल्या बहुतेक गाड्यांना एअरबॅगच नव्हत्या, हेही धरा. आता एका गाडीत सहा, वर बेल्टच्या वेगळ्या. वायरीही जुन्या होताहेत, उंदरांनी कुरतडलेल्या आहेत, मधे कुणीतरी म्युझिक सिस्टिमसाठी जोड मारलेले आहेत. जुना अनुभव नव्या गाडीला पुरत नाही.

डब्यातलं रसायनही जुनं होतं. जपानच्या टकाटा कंपनीचं प्रकरण जगभर गाजलं ते याचमुळे. त्यांच्या डब्यांत अमोनियम नायट्रेट होतं. दमट हवा आणि उष्णता यांनी ते वर्षानुवर्षं बिघडत गेलं आणि एअरबॅग उघडताना डबाच फुटून धातूचे तुकडे माणसांच्या अंगात घुसले. जगभरातल्या कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, भारतातल्याही, आणि २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तुमची गाडी जुनी असेल तर उत्पादकाच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून रिकॉल बघा. असा डबा बदलून देताना कंपनी पैसे घेत नाही.

## “मग ती कटकट कायमचीच बंद केली तर?”

लाल दिवा जळत राहतो, दुरुस्तीचा खर्च मोठा, अशा वेळी एक स्वस्त उपाय सुचवला जातो. एअरबॅगच्या जागी तिच्याइतक्याच रोधाचा चार-दोन रुपयांचा रेझिस्टर जोडायचा. मेंदू फसतो, त्याला वाटतं एअरबॅग आहे, आणि दिवा विझतो.

याच्याइतकी वाईट फसवणूक गाडीच्या धंद्यात दुसरी नसेल. दिवा जळत असतो तेव्हा निदान माणूस सावध तरी असतो. रेझिस्टर लावलेल्या गाडीत तो निर्धास्त असतो आणि समोर प्लॅस्टिकच्या झाकणामागे काहीच नसतं. अशी गाडी पुढे जुन्या बाजारात विकली जाते आणि एखादं कुटुंब विश्वासाने ती घेतं. कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, पण मला कायद्यापेक्षा त्या मागच्या सीटवरच्या पोरांची काळजी जास्त वाटते.

जुनी गाडी घेताना एक गोष्ट स्वतः बघा. इग्निशन चालू करताच एअरबॅगचा दिवा लागलाच पाहिजे आणि काही सेकंदांत, बऱ्याच गाड्यांत सहाएक, विझला पाहिजे. अजिबात लागलाच नाही तर बल्ब काढलाय किंवा वायर छेडलीय. विझलाच नाही तर बिघाड आहे. दोन्ही बरोबर असूनही गाडीची मोठी धडक झाली असल्याचा संशय असेल तर एअरबॅगची झाकणं, त्यांच्या शिवणी आणि पिवळे कनेक्टर जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, कारण रेझिस्टर दिव्याच्या या परीक्षेत पास होतो.

एका बाबतीत एअरबॅग बंद ठेवणं योग्य आहे. तान्ह्या बाळाची मागे तोंड करणारी सीट पुढच्या सीटवर लावलीच तर त्या बाजूची एअरबॅग बंद हवी. त्यासाठी अनेक गाड्यांत किल्लीने फिरवायचं बटण दिलेलं असतं. बाळ मागच्या सीटवर असेल तर त्याचीही गरज नाही.

## हॉर्नचं पुढे काय झालं

पांढऱ्या गाडीची एअरबॅग निघाल्यावर मिस्त्री आत वाकले आणि मालकांना म्हणाले, “दादा, एअरबॅगचा दिवा लागत होता का हो?”

“तो ना? तो तर दिवाळीपासून लागतोय. मी म्हटलं सेन्सरचं काहीतरी असेल.”

मिस्त्रींनी क्लॉक स्प्रिंग काढून दाखवली. शिंप्याच्या टेपसारखी गुंडाळलेली चपटी केबल, गोल डबीत. स्टेअरिंग डावी-उजवीकडे फिरतं तशी ती उलगडते आणि गुंडाळते, आणि तिच्यातूनच हॉर्नची व एअरबॅगची वीज फिरत्या स्टेअरिंगपर्यंत पोचते. आधी कुणीतरी स्टेअरिंगचं काम करताना ते सुटं असताना मोकळं फिरू दिलं असणार. केबल ताणली गेली आणि हळूहळू तुटत गेली. आधी एअरबॅगची तार गेली, मग हॉर्नची. चाकं सरळ ठेवून स्टेअरिंग लॉक करायचं ते याचसाठी.

मालक बराच वेळ त्या केबलकडे बघत राहिले. सहा-सात महिने ते रोज अंबड ते नाशिकरोड करत होते. एअरबॅगची वाट तुटलेली असताना ते गॅरेजमध्ये आले नाहीत, हॉर्न बंद पडला तेव्हा आले.

नवी क्लॉक स्प्रिंग यायला दुपार झाली. बसवताना तिच्यावरच्या खुणा जुळवून ती बरोबर मध्यावर घेतली, मग स्टेअरिंग, मग पिवळा कनेक्टर जादा चिपटीसकट, मग एअरबॅग ‘कट् कट्’ करून जागेवर. बॅटरी सगळ्यात शेवटी, पॉझिटिव्ह सुटलेली नव्हतीच, निगेटिव्ह जोडली. पोरगं सवयीने ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेलं तशी मिस्त्रींनी त्याला कॉलर धरून मागे घेतलं. “गाडीत कुणी नको.” त्यांनी स्वतः बाहेर उभं राहून, अंग स्टेअरिंगसमोरून बाजूला ठेवून, नुसता हात आत घालून किल्ली फिरवली. जुनी नोंद स्कॅनरने पुसली, किल्ली बंद केली, पुन्हा फिरवली.

लाल दिवा लागला. मालक तोंडातल्या तोंडात मोजत होते. सहाला तो विझला.

मग त्यांनी खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला. समोरच्या टपरीवरची माणसं दचकून बघायला लागली.